घरातला आयपी पत्ता का बदलतो आणि तो जागेवर कसा ठेवायचा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री तीनच्या सुमारास बडोद्यात जोराचा पाऊस सुरू झाला, लाइट गेले आणि वीसेक मिनिटांनी परत आले. आमच्या घरात आईची खोली खालच्या मजल्यावर आहे आणि आम्ही दोघे वर झोपतो. आईचे वय ८७. रात्री ती उठली तर कळावे म्हणून तिच्या खोलीत एक छोटा कॅमेरा लावला आहे आणि त्याचे चित्र आमच्या उशाशी ठेवलेल्या टॅब्लेटवर दिसते. त्या रात्री लाइट आले, पंखा सुरू झाला, वायफायचे चिन्हही दिसू लागले, पण टॅब्लेटवर चित्र येईना. ‘कॅमेऱ्याशी संपर्क होत नाही’ एवढाच संदेश. आम्ही दोघेही अंधारात जिना उतरून खाली धावलो. आई शांत झोपली होती. आमच्या पावलांनी जागी झाली आणि म्हणाली, “अरे, एवढ्या रात्री काय पाहता आहात? झोपा जा.”

तो महिन्यातला तिसरा प्रसंग होता. पहिल्या दोन वेळा आम्ही ओळखीच्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने टॅब्लेटच्या ॲपमध्ये एक आकडा बदलला, चित्र आले, त्याने पैसे घेतले आणि गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आम्ही ठरवले की हा आकडा काय आहे, तो का बदलतो आणि कायमचा उपाय आहे की नाही, हे आपणच समजून घ्यायचे. मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी प्रिंटर, कॅमेरा किंवा टीव्हीच्या बाबतीत हीच तक्रार असते, म्हणून जे समजले ते येथे क्रमाने मांडत आहोत. यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. एक वही, एक पेन आणि अर्धा तास निवांतपणा पुरेसा आहे.

हा पत्ता मालकीचा नसतो, भाड्याचा असतो

घरातला मोबाइल, संगणक, प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही ही सगळी उपकरणे राउटरला जोडलेली असतात. एकाने दुसऱ्याशी बोलायचे तर प्रत्येकाला क्रमांक हवा. तोच आयपी पत्ता. तो १९२.१६८.१.७ असा चार भागांचा असतो आणि प्रत्येक भाग ० ते २५५ मधला आकडा असतो. जुन्या पद्धतीच्या अशा पत्त्यांची जगातली एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. ती सर्व उपकरणांना पुरणार नाही, म्हणून काही मालिका केवळ घरातल्या व कार्यालयातल्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवल्या आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारी त्यांपैकी एक. म्हणूनच आपल्या घरी आणि शेजारच्या घरी अगदी तोच क्रमांक असला तरी गोंधळ होत नाही.

हा क्रमांक कोण देतो? राउटर देतो. ज्या पद्धतीने देतो तिला डीएचसीपी म्हणतात आणि ती १९९३ पासून वापरात आहे. आम्हाला ती शेगावच्या भक्तनिवासावरून नीट समजली. आपण काउंटरवर जातो, ओळखपत्र दाखवतो आणि जी खोली रिकामी असेल ती मिळते. खोली ठरावीक मुदतीसाठी असते. मुदत संपण्याआधी वाढवून घेतली तर तीच खोली राहते. खोली सोडून गेलो आणि पुढच्या वर्षी आलो तर तीच मिळेल याची खात्री नाही. राउटरचेही तसेच. अनेक घरगुती राउटरमध्ये ही मुदत दोन तासांची किंवा चोवीस तासांची असते. उपकरण चालू असेल तर अर्धी मुदत झाली की ते आपणहून मुदत वाढवून मागते आणि राउटर देतो. म्हणून महिनोन्‌महिने क्रमांक तोच राहतो आणि तो कायमचा आहे असे आपल्याला वाटू लागते.

आणि ओळखपत्र कोणते? प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. तो बारा अक्षरांचा असतो, त्यात ० ते ९ आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे येतात. आयपी पत्ता म्हणजे खोली क्रमांक, मॅक पत्ता म्हणजे ओळखपत्र. हा एवढा फरक लक्षात राहिला की पुढचे सगळे सोपे होते.

लाइट गेल्यावर काय होते

अनेक साध्या राउटरमध्ये कोणती खोली कोणाला दिली याची नोंदवही बंद होताना पुसली जाते. लाइट आले की काउंटर कोऱ्या वहीने उघडतो. मोबाइल आणि संगणक साधारणपणे आपला जुना क्रमांक लक्षात ठेवतात आणि तोच मागतात. पण काही स्वस्त कॅमेरे आणि इतर उपकरणे तो लक्षात ठेवत नाहीत. जो मिळेल तो घेतात. मग ज्याचा नंबर आधी लागेल त्याला आधीची खोली.

आमच्याकडे नेमके हेच झाले होते. कॅमेऱ्याचा क्रमांक १९२.१६८.१.७ होता आणि टॅब्लेटच्या ॲपमध्ये तोच लिहून ठेवला होता. लाइट आल्यावर दिवाणखान्यातला सेट-टॉप बॉक्स कॅमेऱ्याच्या आधी सुरू झाला आणि त्याने ७ क्रमांक घेतला. कॅमेऱ्याला ९ मिळाला. टॅब्लेट बिचारा जुन्या पत्त्यावर म्हणजे सेट-टॉप बॉक्सकडे आईचे चित्र मागत राहिला. कॅमेरा उत्तम चालू होता, वायफाय चालू होते, इंटरनेट चालू होते. फक्त पत्ता चुकला होता.

प्रिंटरचेही असेच असते. संगणकात प्रिंटर जोडताना बहुतेकदा त्याचा त्या दिवशीचा आयपी पत्ता नोंदवला जातो. प्रिंटर आपण आठवड्यातून एकदा सुरू करतो. मधल्या काळात मुदत संपते आणि उत्तरायणाला गच्चीवर आलेल्या दहा-बारा पाहुण्यांपैकी कोणाच्या तरी मोबाइलला तो क्रमांक जातो. मग संगणक म्हणतो प्रिंटर बंद आहे, आणि प्रिंटर तर समोर दिवा लावून बसलेला असतो.

आधी आकडा वाचा

उपाय करण्याआधी निदान. त्यासाठी उपकरणाचा आजचा क्रमांक पाहायचा.

विंडोजच्या संगणकावर स्टार्ट दाबून सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबा. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ समोर आपल्या संगणकाचा क्रमांक आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ समोर राउटरचा क्रमांक दिसेल. हे दोन्ही वहीत लिहा. मोबाइलवर सेटिंगमध्ये वायफाय उघडून जोडलेल्या नावावर टिचकी मारली की हीच माहिती मिळते. प्रिंटरला पडदा असेल तर त्याच्या नेटवर्क मेनूत, नसेल तर त्याच्याकडून नेटवर्क माहितीचे पान छापून घेता येते.

आता क्रमांक काय सांगतो ते पाहू.

१. पहिले तीन भाग तेच, फक्त शेवटचा बदलला. म्हणजे १९२.१६८.१.७ चे १९२.१६८.१.९ झाले. हा वर सांगितलेला साधा खोलीबदल. काळजीचे कारण नाही.

२. तिसरा भाग बदलला. म्हणजे १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.० आले. याचा अर्थ क्रमांक दुसऱ्याच कोणीतरी दिला. घरात दोन राउटर असतील, उपकरण चुकून पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला जोडले गेले असेल किंवा कंपनीने राउटर बदलून दिला असेल.

३. क्रमांक १६९.२५४ ने सुरू होतो. उपकरणाने क्रमांक मागितला, पण काउंटरवर कोणी उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता क्रमांक लावून घेतला. तार सैल आहे का पाहा. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा, मग ते उपकरण बंद करून सुरू करा.

४. एकच क्रमांक दोघांना असल्याचा संदेश येतो. हे बहुधा तेव्हा होते, जेव्हा कोणीतरी एका उपकरणात क्रमांक हाताने लिहून ठेवलेला असतो आणि राउटरला त्याची कल्पना नसते. राउटर तोच क्रमांक दुसऱ्याला देतो आणि मग कधी एक चालते, कधी दुसरे.

आमच्या घरातला दुसरा घोळ

आमच्याकडे पहिल्या प्रकाराबरोबर दुसराही निघाला. वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नाही म्हणून आम्ही आणखी एक राउटर आणून लावला होता आणि सोयीसाठी त्याला खालच्यासारखेच नाव व पासवर्ड दिला होता. त्यामुळे घरात दोन काउंटर झाले. खालचा १९२.१६८.१ च्या मालिकेतले क्रमांक वाटत होता, वरचा १९२.१६८.० च्या. जिन्याजवळ ठेवलेला प्रिंटर कधी याला जोडला जाई, कधी त्याला. वरच्या राउटरला जोडला गेला की खालच्या संगणकाला तो सापडत नसे, कारण दुसरा राउटर आपल्यामागची उपकरणे बाहेरून दिसू देत नाही.

यावर उपाय असा. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडायचा. मग तो फक्त वायफाय पसरवतो, क्रमांक वाटत नाही. तसा पर्याय नसेल तर त्याची डीएचसीपी सेवा बंद करायची, त्याला स्वतःला पहिल्या राउटरच्या मालिकेतला एक मोकळा क्रमांक द्यायचा, आणि खालून आलेली तार त्याच्या ‘वॅन’ खाचेत न लावता ‘लॅन’ खाचेत लावायची. एका घरात क्रमांक वाटणारा काउंटर एकच असावा, हा नियम.

कायमचा उपाय: खोली राखून ठेवणे

तंत्रज्ञ दर वेळी ॲपमध्ये नवा क्रमांक लिहून देत होता. म्हणजे पाहुणा खोली बदलेल तसतसे आपण पत्ता बदलत राहायचे. खरा उपाय काउंटरवर आहे. राउटरला सांगून ठेवायचे की या ओळखपत्राचा पाहुणा येईल तेव्हा त्याला हीच खोली द्यायची आणि ती दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. याला ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ म्हणतात. वेगवेगळ्या राउटरमध्ये याची नावे ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘मॅक बाइंडिंग’ अशीही असतात.

पायऱ्या अशा:

१. घरच्या वायफायला जोडलेल्या संगणकावर ब्राउझर उघडा. वरच्या पट्टीत वहीत लिहिलेला गेटवेचा क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाइप करा. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, काही राउटरमध्ये वेगळाही असतो.

२. राउटरचे नाव-पासवर्ड विचारले जाईल. ते बहुतेक राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेले असतात. हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. पूर्वी कधी बदललेला नसेल तर आजच बदला आणि वहीत लिहा.

३. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. प्रत्येकाचे नाव, आयपी पत्ता आणि मॅक पत्ता दिसेल. नाव ओळखू येत नसेल तर ते उपकरण बंद करून यादी ताजी करा. जी ओळ नाहीशी होईल ती त्याची. काही राउटरमध्ये ओळ जायला थोडा वेळ लागतो.

४. डीएचसीपीच्या पानावर ‘रिझर्व्हेशन’ शोधा. तिथे कॅमेऱ्याचा मॅक पत्ता आणि त्याला द्यायचा आयपी पत्ता लिहा. त्या क्षणी कोणाकडेही नसलेला क्रमांक निवडा, म्हणजे भांडण होत नाही. जतन करा.

५. ते उपकरण बंद करून पुन्हा सुरू करा. राखून ठेवलेला क्रमांक तेव्हा लागू होतो.

६. ॲपमध्ये किंवा संगणकाच्या प्रिंटर सेटिंगमध्ये हा क्रमांक शेवटचा एकदा लिहा.

काही जण राउटरला न विचारता थेट कॅमेऱ्यातच क्रमांक लिहून ठेवतात. ते चालते, पण तो क्रमांक राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेरचा असला तरच. राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर आपण हाताने २० किंवा ३० द्यावा. यादीतलाच दिला तर वरचा चौथा प्रकार आज ना उद्या होणारच. शिवाय पुढे राउटर बदलला आणि मालिकाच वेगळी आली तर ते उपकरण कोणालाच सापडत नाही. म्हणून आम्हाला राखून ठेवण्याची पद्धत अधिक बरी वाटते. एका जागी सगळी नोंद, आणि चूक झाली तर दुरुस्तीही एका जागी.

दोन बारकावे

पहिला बारकावा मोबाइलचा. २०१९ मधल्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० मधल्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता लपवून प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट पत्ता वापरतात. बाजारात, विमानतळावर कोणी आपला माग काढू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण ओळखपत्र बदलले की राउटर त्याला नवा पाहुणा समजतो. मोबाइल किंवा टॅब्लेटसाठी क्रमांक राखायचा असेल तर फक्त घरच्या वायफायपुरती ही सोय सेटिंगमधून बंद करावी. बाहेर ती चालूच राहू द्यावी. बनावट पत्ता ओळखण्याची खूण अशी की त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असते.

दुसरा बारकावा असा की लॅपटॉपला तारेसाठी एक आणि वायफायसाठी दुसरा असे दोन मॅक पत्ते असतात. एकासाठी राखलेला क्रमांक दुसऱ्याला मिळत नाही. प्रिंटर वायफायवरून तारेवर आणला तर नोंदही नवी करावी लागते.

बाहेरचा पत्ता वेगळा

आतापर्यंत सांगितले ते घरातले. इंटरनेट कंपनी आपल्या राउटरला बाहेरच्या बाजूने एक वेगळा पत्ता देते. तोही बहुतेक घरगुती जोडण्यांमध्ये बदलता असतो. तो बदलल्याने घरातल्या प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला काही फरक पडत नाही. मुलगा परदेशातून घरचा कॅमेरा थेट बाहेरच्या पत्त्यावरून पाहत असेल तरच अडचण येते. अनेक कंपन्या तर एकच बाहेरचा पत्ता कित्येक घरांत मिळून वापरतात. आपल्या राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला तर आपले घर त्यांपैकी एक, असे समजावे. अशा वेळी बाहेरून थेट शिरण्याचा रस्ता चालत नाही. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचे ॲप वापरावे किंवा इंटरनेट कंपनीकडून पैसे भरून कायमचा पत्ता घ्यावा.

घाबरायचे कशाला आणि कशाला नाही

आयपी पत्ता बदलला म्हणजे कोणी घरात शिरले, असे नाही. ते रोजचे कामकाज आहे. पण यादी उघडलीच आहे तर एकदा मोजदाद करावी. आम्ही हिशेब मांडला तेव्हा यादीत चौदा उपकरणे होती आणि आम्हाला आठवली अकरा. उरलेली तीन म्हणजे भाच्याचा जुना फोन, गच्चीवरच्या सौर पॅनेलचे यंत्र आणि बंद समजून कपाटात ठेवलेला टॅब्लेट. तसा मेळ बसला नाही तर वायफायचा पासवर्ड बदलावा आणि आपली उपकरणे एकेक करून पुन्हा जोडावीत.

खरी काळजी दुसऱ्या गोष्टीची घ्यावी. “तुमचा आयपी पत्ता बदलला आहे, तुमचे खाते धोक्यात आहे” असा फोन आला आणि समोरच्याने पडदा दाखवणारे ॲप टाकायला सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या मदत क्रमांकावरही फोन करू नये. बिलावर छापलेल्या क्रमांकावरच करावा. बँकेत इतकी वर्षे काढल्यावर आम्ही एवढे नक्की सांगू शकतो की दुरुस्तीसाठी ओटीपी कोणालाच लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर कळवावे.

परीक्षा

सगळे झाल्यावर एका रविवारी दुपारी आम्ही मुद्दाम घराचा मेन स्विच बंद केला आणि पाच मिनिटांनी सुरू केला. सेट-टॉप बॉक्स पहिल्यासारखाच आधी जागा झाला, पण ७ क्रमांक त्याला मिळाला नाही. तो कॅमेऱ्यासाठी राखलेला होता. दोन मिनिटांत टॅब्लेटवर आईची खोली दिसली. आपणही उपाय केल्यावर ही परीक्षा जरूर घ्यावी. रात्री तीन वाजता कळण्यापेक्षा दुपारी कळलेले बरे.

शेवटचे काम वहीचे. उपकरणाचे नाव, मॅक पत्ता, राखलेला क्रमांक आणि तारीख असा चार रकान्यांचा तक्ता करून आम्ही राउटरजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. उद्या राउटर बदलला तर नव्यात ही नोंद पुन्हा करावी लागेल आणि तेव्हा तक्ता समोर असला तर दहा मिनिटांचे काम. घरात आपण नसलो तरी मुलाला, सुनेला तो वाचता यावा अशा अक्षरात लिहावा.

पावसाळ्यात त्यानंतरही लाइट गेले. एकदा चित्र पुन्हा काळे दिसले आणि आमच्या छातीत धस्स झाले. क्रमांक पाहिला तर तो जागेवर होता. आईने दिवसा कॅमेऱ्यावर टाकलेला रुमाल रात्री काढायचा राहिला होता.